तेवीस नंबरचे डोळे

४ नोव्हेंबर

आज बाईंकडे रुजू झाले. बाई म्हणजे त्याच शिल्पकार, ज्यांच्या कामाचे फोटो मी कॉलेजात वहीत चिकटवायचे. सरहद्दीच्या तारेत अडकलेले कपडे, पण ब्राँझचे. सिमेंटची लांबच लांब वाट, तिच्यावर फक्त लहान पावलांचे ठसे. माणसं घर का सोडतात आणि सोडल्यावर त्यांचं माणूसपण कोण काढून घेतं, हा एकच प्रश्न त्या पंचवीस वर्षं विचारत आल्या आहेत. आता सहा महिने मी त्यांची सहायक. विश्वास बसत नाही.

कार्यशाळा म्हणजे एक जुनं गोदाम. बाईंनी पहिला नियम सांगितला, "सिंकमध्ये प्लास्टर ओतायचं नाही. पाइपात दगड होतो. आधीच्या मुलीनं केलं होतं." आधीच्या मुलीचं पुढे काय झालं, ते विचारलं नाही.

संध्याकाळी घरी फोन केला. बाबा म्हणाले, "पुतळे करायला पदवी लागते?" मागून दादा ओरडला, "लागते तर! नाहीतर कावळे बसत नाहीत." सगळे हसले. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र वाटलं, मी नक्की काय करते ते या घरात कुणालाच कधी कळणार नाही. आईनं माझं पदवीचं प्रमाणपत्र चौकटीत घालून शिलाई मशीनच्या वर लावलंय. ते मात्र येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवते.

९ नोव्हेंबर

नवीन काम आज नीट समजलं. नाव आहे 'विसावा'. दूरदूरहून इथे बांधकामावर आलेल्या चाळीस मजुरांचे चेहरे, जसेच्या तसे, पांढऱ्या प्लास्टरमध्ये. ते भिंतीवर टांगायचे नाहीत. घोट्याएवढ्या उंचीच्या फळ्यांवर ओळीनं निजवायचे. म्हणजे बघणाऱ्याला वाकावं लागेल. "ज्यांच्यापुढे हे शहर कधी वाकलं नाही, त्यांच्यापुढे," बाई म्हणाल्या. अंगावर काटा आला.

पद्धत लिहून ठेवते. भुवयांना आणि पापण्यांना व्हॅसलीन. दातांचे डॉक्टर माप घ्यायला जी पूड वापरतात ती पाण्यात कालवून चेहऱ्यावर थापायची, नाकपुड्या मोकळ्या ठेवायच्या. वरून मोडलेल्या हाडाला घालतात ती प्लास्टरची पट्टी. वीस मिनिटं डोळे मिटून पडून राहायचं. बोलायचं नाही, हसायचं नाही. मग साचा अलगद काढायचा आणि त्यात लगेच प्लास्टर ओतायचं, कारण ती पूड वाळली की आकसते. एका साच्यातून एकच चेहरा निघतो. दुसरी प्रत नाही.

साचे मी काढायचे. चाळीसच्या चाळीस. बाईंच्या मनगटाला आता ते झेपत नाही.

१३ नोव्हेंबर

संमतीपत्र मी प्रत्येकाला वाचून दाखवते, कलम न् कलम. बाई म्हणाल्या, एवढं कशाला, सही घे. पण मला ते पटत नाही. मानवी हक्कांवरचं काम करताना समोरच्याच्या हक्काला बगल कशी देणार? आज एका रंगाऱ्याला तिसरं कलम समजावताना पंधरा मिनिटं गेली. शेवटी तो म्हणाला, "ताई, सही कुठं करायची तेवढं दाखवा, मुकादम बोंबलतोय."

यादीत नाव, मूळ गाव, धंदा आणि फोन नंबर लिहिते. वाकायला लावणारी यादी, असं मी तिला मनात म्हणते.

१७ नोव्हेंबर

आज बावीस ते चोवीस झाले. तेवीस नंबर लक्षात राहील. सेंट्रिंगवाला आहे, म्हणजे स्लॅब ओतायच्या आधी फळ्यांचा सांगाडा ठोकणारा. तिशी उलटलेला, कपाळावर तिरकी जखमेची खूण. तोंडाची टकळी थांबतच नाही.

"ताई, हे लावल्यावर मी गोरा होणार का?"

"नाही हो."

"मग लावता कशाला? बरं, पैसे तेवढेच मिळणार ना, काळा राहिलो तरी?"

मी म्हटलं, आता बोलायचं नाही, मिश्रण ओठांवर फुटतं. त्याचा हात मी हातात धरला. ही माझी पद्धत आहे. एकदा दाबला तर ठीक, दोनदा दाबला तर काढा. वीस मिनिटांत त्यानं 'ठीक'चा दाब इतक्या वेळा दिला की मला हसू आवरेना. त्याचं विनोद करणं हा व्यवस्थेच्या हिंसेपासून बचाव असावा, असं मला वाटतं.

चेहरा अप्रतिम निघाला. खुणेच्या कडेची कातडी, पापणीचे केस, नाकाच्या शेंड्यावरचं रंध्र न् रंध्र. बाईंनी बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "हात आहे तुला." दिवसभर हे वाक्य सोबत घेऊन हिंडले.

२२ नोव्हेंबर

मजुरांच्या शेडमध्ये स्वयंपाक करणाऱ्या मावशी आहेत. त्यांना विचारलं. पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "नाही गं बाई. जित्या माणसाचं तोंड असं झाकत नसतात." मी समजावलं, नाक उघडं असतं, काही धोका नाही. त्या म्हणाल्या, "नाकाचं कोण बोलतंय?"

लोकांच्या मनातली भीती घालवायला किती काम करावं लागेल, याचा विचार करत परत आले.

३० नोव्हेंबर

चाळीस पूर्ण झाले. बाई दोन दिवस बाहेरगावी. गोदामात मी आणि चाळीस मिटलेले चेहरे. जेवणाचा डबा त्यांच्यात बसूनच खाल्ला. इथे येऊन महिना होत आला, आणि कामाव्यतिरिक्त मी कुणाशी बोलले ते आठवायचा प्रयत्न केला. दुकानदार. बसचा कंडक्टर. घरमालकीण, तीही पाण्याच्या वेळेबद्दल.

आई म्हणते, "आवाज रोज ऐकते, पण तोंड दाखव ना एकदा. वाळलीस का बघू दे." मी सांगते नेट नीट नाही. खोली अशी आहे की फोन कुठेही धरला तरी मागे मोरी दिसते. पुढच्या महिन्यात चांगली खोली बघेन, मग दाखवीन.

या मजुरांच्या एकटेपणाबद्दल प्रदर्शनाच्या पुस्तिकेत एक परिच्छेद लिहायला बाईंनी सांगितलाय. तीनदा लिहिला. जमत नाही. आपण बाहेरून बघतो, आत शिरता येत नाही.

१४ डिसेंबर

उद्घाटन झालं. लोक खरंच वाकले. एक बाई गुडघ्यांवर बसून रडली. बाईंच्या पांढऱ्या साडीवर एकही डाग नव्हता, माझ्या नखांत अजून प्लास्टर. एका संग्रहालयाचे लोक आले होते, ते पूर्ण संच घेणार असं दिसतंय. पुस्तिकेत शेवटच्या पानावर 'तांत्रिक साहाय्य' खाली माझं नाव आहे. आडनावात एक अक्षर चुकलंय, पण आहे.

मजुरांपैकी कुणी आलं नाही. आमंत्रणं मुकादमाकडे दिली होती. रविवारीसुद्धा काम असतं म्हणे.

१६ डिसेंबर

वर्तमानपत्रात अर्धं पान फोटो! अगदी पुढे तेवीस नंबर, कपाळावरच्या खुणेसकट. खाली ओळ, 'कुणाच्या आठवणीत नसलेल्यांची आठवण.' ओळ मला फार आवडली. कापून वहीत लावलं. आईला पाठवलं नाही, तिला वाटेल मी यात कुठे आहे.

२४ डिसेंबर

आज सकाळी गोदामाच्या दारात तेवीस नंबर उभा. तो हसत नव्हता, म्हणून आधी ओळखलंच नाही. त्याच्या मागे मुकादम.

झालं असं. त्याचा फोन वरून पडून फुटला, त्यामुळे आठ दिवस घरी बोलणं नाही. इतक्यात तो वर्तमानपत्रातला फोटो कुणाच्या तरी फोनवरून फिरत फिरत त्याच्या गावी पोचला. पांढरा चेहरा, मिटलेले डोळे, 'आठवण'. त्याच्या आईच्या हातात तो दिला गेला. घरात रडारड. शेजारी जमले. नवव्या दिवशी त्यानं मुकादमाच्या फोनवरून घरी नंबर लावला, तर आईनं फोन आपटला.

"आवाज ओळखला नाही?" मी विचारलं.

"ओळखला. पण मागच्या साली आमच्यातला एक जण असाच मचाणावरून पडून गेला. ठेकेदाराची माणसं महिनाभर त्याच्याच फोनवरून घरी लिहीत होती, मी बरा आहे, कामात आहे. भरपाई द्यायला नको म्हणून. तेव्हापासून म्हातारी फोनावर विश्वास ठेवत नाही."

मी माझ्या फोनवरून त्याच्या शेजारणीला व्हिडिओ लावला. पडद्यावर एक सुरकुतलेला चेहरा आला, फार जवळ, नुसती हनुवटी. मग ओरडणं. आधी रडून, मग शिव्या देऊन. "मुडद्या, कुणाला तोंड देऊन आलास?" तो म्हणाला, "आई, पैसे दिले त्यांनी." ती म्हणाली, "तोंडाचे?"

सगळं सुटलं, असं वाटून मी चहा आणायला गेले. परत आले तर तो खाली बसून रडत होता आणि मुकादम छताकडे बघत होता.

२९ डिसेंबर

तो पुन्हा आला. या वेळी एकटा, दुपारच्या सुट्टीत, धावत. आई जिवंत म्हणते त्याला, रोज बोलते, पण झोपत नाही. डोळे मिटले की ते पांढरं तोंड दिसतं तिला. जेवतानाही घास तसाच राहतो. तो फार लाजत बोलत होता.

"म्हातारं माणूस आहे ताई, समजून घ्या. तिचं एकच म्हणणं आहे. तेवढे डोळे उघडता येतील का?"

मी जमिनीकडे बघत होते. म्हटलं, बाईंना विचारते.

बाई रागावल्या नाहीत. मला बसवून घेतलं. "मिटलेले डोळे हेच काम आहे. आणि विचार कर, एकाचे उघडलेस तर उरलेले एकोणचाळीस काय ठरतात? झोपलेले राहत नाहीत ते." मग म्हणाल्या, "पण हे फार मोठं आहे, कळतंय का तुला? एका आईनं कलाकृती पाहून मुलाचा शोक केला. तिचा आवाज मिळेल का? ती त्या रात्री कशी रडली, ते तिच्याच शब्दांत? फळ्यांखालून तो हलका ऐकू आला तर."

मी हो म्हणाले. लिहिताना हात अडतोय, पण खरं तेच लिहायचं. मला ती कल्पना त्या क्षणी सुंदर वाटली.

३० डिसेंबर

साइटवर जाऊन त्याला विचारलं. आईचा आवाज रेकॉर्ड करू देईल का. मानधन मिळेल. तिचं दुःख जगापर्यंत पोचेल.

 त्याच्या हातातला खिळा फळीवर उभा धरलेला, हातोडी तशीच.

मग म्हणाला, "ताई, तुम्ही शिकलेल्या ना?"

आणि खिळा ठोकला.

२ जानेवारी

दोन दिवस काही लिहिलं नाही. काम केलं, परत आले, झोपले.

५ जानेवारी

आज सोमवार, गॅलरी बंद. चेहऱ्यांवरची धूळ झटकायला मी दर सोमवारी जातेच, रखवालदारानं नेहमीसारखं आत सोडलं. पिशवीत दातांच्या डॉक्टरांकडून आणलेली जुनी हत्यारं होती. कुणाला न विचारता, कुणाला न सांगता करणार होते. केलं तर नोकरी जाईल आणि बाईंचं शिफारसपत्रही, हे मला माहीत होतं. तिकडे एक म्हातारी उपाशी जागत होती, हेही.

तेवीस नंबरपुढे बसले. प्लास्टर ओलं केलं, म्हणजे धूळ उडत नाही. पापणीच्या कडेवर टोक ठेवलं. आणि हात थांबला.

मला त्याचे डोळे माहीत नव्हते.

त्याच्या नाकावरची रंध्रं मी मोजून सांगू शकले असते. पण तो तीनदा माझ्यासमोर उभा राहिला होता, आणि पहिल्यांदा मी त्याचं कपाळ मनातल्या प्लास्टरशी ताडून पाहत होते, दुसऱ्यांदा जमिनीकडे, तिसऱ्यांदा हातोडीकडे. डोळे मोठे की बारीक, खोल की वर आलेले, काही आठवेना. चाळिसांपैकी कुणाचेच आठवेनात. त्यांना मी आल्या आल्या 'डोळे मिटा' सांगत होते.

तो मचाणावर असणार, फोन मुकादमाकडे. मग त्याच्या शेजारणीला व्हिडिओ लावला. तिनं आईला बोलावून आणलं. मी कोण ते सांगितलं. वाटलं, शिव्या देईल. ती म्हणाली, "मग उघड ना. बसलीस काय?"

"मला डोळे माहीत नाहीत त्याचे. तुम्ही सांगा."

फोन मी चोवीस नंबरच्या हनुवटीला टेकवून उभा केला आणि तिनं सांगायला सुरुवात केली.

"डावा जरा बारीक. लहानपणी चुना उडाला होता. ... एवढी नको ताणू पापणी, तो काय भ्यालेला नाहीये. ... खाली आण. अजून. ... बाहेरच्या कोपऱ्याला घडी पडते, हसला नाही तरी पडते, बापाची आहे ती. ... बुबुळ इतकं मधोमध नको गं, कुणी एवढं सरळ बघतं का? जरा बाजूला. काहीतरी चोरून खाल्ल्यासारखं."

मी आयुष्यात शेकडो ठसे काढले. कोरलं असं आज. दीड तास. मान मोडून आली. एकदा उजव्या पापणीचा कपचा उडाला तर तिकडून ती मलाच म्हणाली, "राहू दे, राहू दे, तसाही तिथं खरखरीत आहे."

शेवटी फोन उचलून नीट दाखवला. ती पडद्याच्या अगदी जवळ आली. मग एकदम, "हां! आता बघतोय मेला." आणि लगेच जीभ चावली, शेजारीण हसली, तीही हसली, डोळे पुसत हसली. "आता जेवते," म्हणाली. मी बंद करायला गेले, तेवढ्यात तिला पडद्यात मागची फळी दिसली असावी.

"अगं, आणि ही बाकीची कोण निजलीत?"

"हे... त्याच्यासारखेच. कामावरचे."

"यांच्या घरी ठाऊक आहे?"

मी फोन दुसऱ्या हातात घेतला. ती वाट पाहत राहिली, मग कुणाची तरी हाक आली आणि फोन बंद झाला. मी फरशीवर बसून ओळीकडे पाहिलं. बाईंचं खरं होतं. एकाचे डोळे उघडल्यावर बाकीचे झोपलेले दिसत नव्हते.

६ जानेवारी

लपवायचा प्रश्न नव्हता. सकाळीच बाईंना जाऊन सांगितलं. त्या माझ्यासोबत गॅलरीत आल्या. तेवीस नंबरपुढे वाकल्या, गुडघ्यावर हात ठेवून, इतर लोक वाकतात तशाच. 

"काम चांगलं झालंय," म्हणाल्या. "तुला कामावरून काढावं लागेल."

"हो."

"म्युझियमचे लोक पंधरवड्यानं येणार. त्यांना मी काय सांगू?"

"माहीत नाही. बाकीच्यांना विचारायला हवं होतं आपण."

"आपण?" मग त्या इतक्या थकलेल्या दिसल्या की मला त्यांचं वय पहिल्यांदा दिसलं. "यादी तुझ्याकडेच आहे ना? विचार. एकोणचाळीस जण काय म्हणतात ते लिहून आण. मग बघू. पगार नाही मिळणार."

मी चावी टेबलावर ठेवली. दोन महिने रोज त्या गोदामात आले, निघताना निरोप घ्यायला कुणी नव्हतं. सिंक पुसून निघाले.

९ जानेवारी

तीन दिवसांत अकरा जण भेटले. आधी समोर उभं राहून डोळे बघते, वहीत काढून घेते, मग विचारते, उघडे हवेत की मिटलेले? आणि घरी कळवू का? नऊ जणांनी उघडे सांगितले. एकानं विचारलं, गॉगल घालता येईल का.

आज आठ नंबर, फरशीवाला. पन्नाशीचा, कमी बोलणारा. पाचव्या माळ्यावर एकटाच फरशा घासत होता. मी विचारलं, तर मशीन बंद करून म्हणाला, "मिटलेलेच राहू दे."

"घरी फोन करून सांगते ना मी, की तुम्ही सुखरूप..."

"नको."

"पण त्यांचा हक्क आहे, काका, त्यांना कळायला..."

"सहा वर्षं झाली," तो म्हणाला. "फोटो बघितला असेल तर रडून झालं असेल. नसेल बघितला तर तसं. आता डोळे उघडून काय सांगू, इतके दिवस कुठं होतो?"

मला खूप काही म्हणायचं होतं. कलमं तोंडपाठ आहेत. त्याचे डोळे बघत राहिले, पिवळसर, खालच्या पापणीवर फरशीची भुकटी. मग आठ नंबरपुढे लिहिलं, मिटलेले.

तो माझ्या पेनाकडे बघत होता. "हे लिहिलंस ते कुणाला दाखवणार?"

"तुम्ही नको म्हणालात तर कुणालाच नाही. बाईंना फक्त आकडा सांगेन."

त्यानं मान हलवली. मशीन परत सुरू करायला वाकला, मग थांबला.

"पुढचा कोण तुझा?"

"बारा नंबर. रंगारी."

"तिसऱ्या माळ्यावर असेल. जिना ओला आहे, कडेकडेनं उतर."